ब्रोशरला २०, घाटात १३: नवीन गाडीच्या मायलेजची तक्रार बेळगावला करायची की कोल्हापूरला?

निपाणी_केए२३

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. दिवाळीत आप्पांच्या नावावर नवीन गाडी घेतली. पेट्रोल, ऑटोमॅटिक, छोटी एसयूव्ही, एक्स-शोरूम ११ लाख ४० हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धी चर्चा 'आमची तर मस्त चालते' यातच जाईल. शोरूम कोल्हापूरचं, कारण निपाणीला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आणि ॲक्सेसरीज फुकट देतो म्हणाले. पासिंग मात्र चिकोडीला. (कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स भरल्यावर आप्पांना जेवण गेलं नाही, तो विषय वेगळा.)

ब्रोशरमध्ये मायलेज २०.१. पेपरातल्या जाहिरातीतही तोच आकडा, इतका मोठा की गाडीच्या आधी तोच दिसावा. बुकिंगच्या आधी मी सेल्समनला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, 'रोजचं घाटातून जाणं-येणं आहे, एसी लागतो, खरं किती देईल?' त्याचं उत्तर अजून मोबाइलमध्ये आहे: 'सर हायवेला २० आरामात, घाट एसी काही असू दे १७ च्या खाली येणारच नाही.'

मी नोकरीला बेळगावात. रोज तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, मग वंटमुरीचा चढ आणि काकती. टाकी फुल्ल टू फुल्ल मोजतोय. कधी १२.८, कधी १३.४. डॅशबोर्ड मात्र १५.२ दाखवतो, म्हणजे गाडीसुद्धा कंपनीच्याच बाजूची!

पहिल्या सर्व्हिसला म्हणाले, इंजिन अजून सेट व्हायचंय. पुढच्या खेपेला म्हणाले, पेट्रोल खराब आहे तुमच्याकडचं. तुमच्याकडचं म्हणजे कर्नाटकातलं! अहो, निम्मं कोल्हापूर कोगनोळी ओलांडून आमच्याकडं टाकी भरायला येतं. आता मॅनेजर म्हणतो, 'सर, तो सर्टिफाइड आकडा आहे, खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा.' जॉबकार्डावर तक्रार लिहा म्हटलं तर 'जनरल चेकअप' लिहून हातात ठेवलं.

तक्रार लागू होते का? झाली तर कुठं करायची? बिलावर 'कोल्हापूर न्यायक्षेत्र' असं छापलंय आणि आम्ही राहतो कर्नाटकात. खर्च किती येईल? मला कानडी बोलता येतं, लिहिता येत नाही. आप्पांना कोर्टकचेरी नको आहे, पण रात्री जेवताना रोज 'आज पण तेराच का रे?' एवढं विचारल्याशिवाय राहवत नाही त्यांना.

उद्यमबाग_मेस्त्री

कायद्याचं इथले जाणते सांगतील, मी गाडीचं सांगतो.

२०.१ हा आकडा कंपनीनं हवेतून काढलेला नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. गाडी जागेवरच, चाकं रोलरवर फिरतात, समोरून मोठ्या पंख्याचा वारा. ठरलेल्या तक्त्याप्रमाणं वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटंसुद्धा नाहीत. जास्तीत जास्त वेग ताशी ९०, तोही शेवटी शेवटी थोडा वेळ. सायलेन्सरमधून निघालेला वायू पिशव्यांत भरून त्यावरून इंधनाचा हिशेब काढतात. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, डबल ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर नाही. एकाच पद्धतीनं सगळ्या गाड्या तपासायच्या तर असंच करावं लागतं. त्या आकड्यावरून या गाडीची त्या गाडीशी तुलना करता येते. तवंदी घाट चढताना तुमची गाडी किती देईल हे त्यातून कळत नाही.

त्यामुळं २० लिहिलेली ऑटोमॅटिक घाटात, एसीवर १४-१५ देते म्हटलं तर मला नवल नाही. १३ जरा जास्तच कमी आहे, पस्तीस टक्के घट. तेवढ्यासाठी आधी गाडी तपासून घ्या.

पेट्रोलचं कारण तर सोडूनच द्या. ई-२० पेट्रोल दोन्ही राज्यांत तेच आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ओढूनताणून सहा-सात टक्के फटका. २० चे पावणेएकोणीस होतील, तेरा कसे होतील? आणि इथेनॉल येतं कुठून? आपल्याच उसातून. इकडच्याही कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, तिकडच्याही. 'तुमच्याकडचं पेट्रोल' म्हणणाऱ्याला एकदा गळीत हंगामात इकडं बोलवा.

आता घरी करायची तपासणी. हायवेवर गाडी पळवा, मग सपाट जागी ब्रेक न मारता हळूहळू थांबू द्या. उतरून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या, टेकवू नका. तीन कोमट आणि एक धग मारतंय असं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. खानापूरहून एक गाडी आली होती माझ्याकडं. मालक म्हणाला, शोरूमवाले जंगलातल्या रस्त्याचं कारण सांगतात. मागच्या डाव्या चाकाचा नट धरवत नव्हता, आणि रिमवर ब्रेकची काळी भुकटी बाकीच्या तीन चाकांपेक्षा दुप्पट. कॅलिपरची, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या पकडीची, पिन जाम. वॉरंटीत बदलून दिला मग त्यांनी, नाक मुरडत.

दुसरं, हवा. टायर गार असताना बघायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याप्रमाणं. तिसरं, अलाइनमेंट. चौथं, ओळखीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे इंजिन पेट्रोल किती वाढवतं-घटवतं त्याचे, आकडे बघून घ्या. सेन्सर गंडला असेल तर इंजिन गुपचूप जास्त पेट्रोल ओढतं आणि दिवा लागत नाही.

मोजताना एकच पंप, शक्यतो तोच नोझल, आणि पहिल्यांदा टक् करून बंद झाला की थांबायचं. पोरगं 'राऊंड फिगर करू का सर' म्हणतं, नको म्हणायचं. तिथंच हिशेब बिघडतो.

चंदगडकर

आम्ही शिनोळीहून बेळगावात येऊन पेट्रोल भरणारे, त्यामुळं कर्नाटकच्या पेट्रोलची बदनामी सहन केली जाणार नाही 😄

एक राहिलं. पंपावरच काटा मारत असतील तर? प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, गिऱ्हाइकानं मागितलं की मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर वजनमाप खात्याकडं तक्रार. एकदा मागून बघा, मॅनेजर कसा धावत येतो ते.

अथणी_एक्सप्रेस

मी कडू बोलणार. दिल्लीत एका माणसानं २००४ साली मारुतीची झेन घेतली. जाहिरातीत लिटरला १६ ते १८, त्याला मिळालं १०.२. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निकाल आला जानेवारी २०२४ मध्ये. हातात काय? एक लाख रुपये. वीस वर्षं ओ! तोवर झेन भंगारात गेली, पेट्रोल शंभरावर गेलं.

गाडी विका, सीएनजी घ्या, आप्पांना सुखानं जेवू द्या.

टायपिंगवाले_काका

बेळगावच्या कोर्ट कंपाउंडात टायपिंगचं टेबल लावून माझा जन्म गेला. वकील मी नाही. पण ग्राहकांच्या नोटिसा आणि तक्रारी इतक्या टाइप केल्यात की कुठली टिकणार आणि कुठली पडणार हे दुसऱ्या पानावर कळतं. सवडीनं वाचा.

अथणीकर, केस बरोबर सांगितलीत, अर्थ अर्धा काढलात. त्या माणसाला खालीच लाखाचा हुकूम मिळाला होता, कंपनी वर वर अपिलात गेली म्हणून वीस वर्षं. पण शेवटी राष्ट्रीय आयोगानं काय म्हटलं? ती जाहिरात दिशाभूल करणारी होती, आणि हुकूम कायम. तो कागद आज निपाणीकरांना आयता मिळतोय. केरळात त्रिशूरच्या जिल्हा आयोगाचंही २०२२ चं प्रकरण आहे. दावा लिटरला ३२ चा, आयोगानं नेमलेल्या तज्ज्ञानं मोजले १९.६, भरपाई तीन लाखांवर. दोन्हीकडं काय दिसतं? नुसती ओरड नाही, मोजलेला आकडा.

आता तुमचे प्रश्न, माझ्या क्रमानं.

गाडी आप्पांच्या नावावर आहे, तर तक्रारदार आप्पाच. तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन उभे राहा. गाडी दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर नाही ना? धंद्यासाठी घेतलेली असली की 'हा ग्राहकच नव्हे' हा पहिला बॉम्ब पडतो. घरच्या वापराची असेल तर चिंता नाही.

कुठं? बेळगावला. १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरच्याच्या गावाला किंवा जिथं व्यवहार घडला तिथं जावं लागायचं. त्यामुळं आपल्याकडचे किती लोक कोल्हापूरला खेटे घालून दमले आणि सोडून दिलं. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणं तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. बिलावर 'कोल्हापूर न्यायक्षेत्र' छापलेलं ग्राहक आयोगापुढं आडवं येत नाही. कायद्यानं दिलेला हक्क बिलबुकातल्या ओळीनं जात नाही. शोरूमचे वकील पहिल्या तारखेला हा मुद्दा काढणारच, घाबरू नका. आधार कार्ड निपाणीचं, आरसी चिकोडीची, एवढं पुरे.

खर्च. गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर फी ठरते, तुम्ही किती मागता त्यावर नाही. १० ते २० लाखांच्या गटात ४०० रुपये. हो, चारशेच. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगातच. वकील लावायची सक्ती नाही, स्वतः बोलता येतं.

भाषा. तक्रार इंग्रजीत लिहा. मराठीत लिहून बेळगावात भांडत बसलात तर मायलेज राहील बाजूला आणि सीमाप्रश्न सुरू होईल, त्याला वेगळी जागा आहे. मराठी जाहिरातीचं कात्रण आणि व्हॉट्सॲपचा मजकूर असेल त्याला इंग्रजी भाषांतर जोडा.

मुदत दोन वर्षं. तुम्ही ही मुदत गाडी ताब्यात घेतल्याच्या तारखेपासून मोजा, सर्व्हिसला गेलेल्या तारखेपासून नाही. 'साहेब, ते आज-उद्या करत होते' म्हणून उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका. शोरूमवाल्यांचं आज-उद्या त्यासाठीच असतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सगळा जोर ब्रोशरच्या २०.१ वर देताय. तिथं कंपनीची तटबंदी सगळ्यात भक्कम आहे. एआरएआयचं प्रमाणपत्र पुढं करतील, खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवतील, आणि मेस्त्रींनी आत्ता जे सांगितलं तेच तुम्हाला ऐकवतील. तुमचा खरा कागद तो व्हॉट्सॲपचा मेसेज आहे. तुम्ही घाट आणि एसी स्वतः लिहून विचारलंय, आणि त्यानं 'घाट एसी काही असू दे १७ च्या खाली येणारच नाही' असं पैसे घ्यायच्या आधी लिहून दिलंय. त्याला बारीक अक्षरं नाहीत, रोलर नाही, 'आदर्श परिस्थिती' नाही. तुमच्या रस्त्याबद्दलचं ते वचन आहे. तक्रार त्यावर उभी करा, ब्रोशर आणि जाहिरात मागं आधाराला ठेवा.

तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, 'जुना देऊन नवा घ्या'च्या मोहात पडू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट चिकटवून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. आणि मेसेज शोरूमच्या नंबरवरून आलाय की पोराच्या खासगी नंबरवरून ते बघा. खासगी असेल तर बुकिंगच्या पावतीवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर तोच नंबर आहे का शोधा.

पक्षकार दोघांनाही करा, डीलर आणि कंपनी. एकाला सोडलं की दुसरा त्याच्याकडं बोट दाखवून मोकळा.

आता जॉबकार्डावर 'मायलेज कमी' हे शब्द यायलाच हवेत. लिहीत नसतील तर तिथंच उभं राहून त्यांच्या ईमेलवर कळवा, चेसिस नंबर घालून.

शहापूरची_शिक्षिका

काका, एक भर घालू का? आयोगाच्या आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. मराठीतही बोलता येतं. माझ्या वॉशिंग मशीनच्या वेळी शोरूमवाले ढिम्म होते. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून फोन आला, 'मॅडम, तुम्ही आधी आम्हाला का नाही सांगितलं?' आता कुणाला सांगत होते मी इतके दिवस!

टायपिंगवाले_काका

बाई, बरोबर. पण ती हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती कंपनीच्या दारापर्यंत तक्रार पोचवते. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, जपून ठेवायचा, पुढं कामाला येतो. आणि हेल्पलाइनवर तक्रार केली म्हणून दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही.

जाहिरातीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडंही जाता येतं, ते पहिल्या चुकीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतात. पण तो दंड सरकारजमा, आप्पांच्या खिशात दमडी नाही.

निपाणी_केए२३

सगळ्यांचे आभार. मधे गप्प होतो, कारण सांगितलेलं करत होतो.

चाकं चारही सारखीच कोमट. स्कॅनरवर काही नाही. हवा कमी होती आणि अलाइनमेंट थोडं बाहेर, दोन्ही करून घेतल्यावर १३.९ पर्यंत आलं. पंपावर पाच लिटरचं माप मागितलं. मॅनेजर खरंच धावत आला, माप बरोबर निघालं. त्यानं चहा पाजला.

मग शोरूमला ईमेल केला, १९१५ वरही नोंदवलं. त्यानंतर एकदम 'सर, आपण जॉइंट टेस्ट घेऊ' असा फोन. त्यांचा टेक्निशियन चालवायला, मी शेजारी. टाकी फुल्ल केली, कागलच्या बाजूला सपाट रस्त्यानं नेली, साठ-सत्तरच्या वर काटा जाऊ दिला नाही, एसी बंद, काचा वर. घामानं मी भिजलो, तो पण भिजला, पण एसीच्या बटणाला हात लावला नाही गड्यानं. परत येऊन भरलं: १७.८. मॅनेजर हसत म्हणाला, 'बघा सर, गाडी एकदम ओके.' जॉबकार्डावर लिहिलं, 'मायलेज टेस्टेड १७.८, ओके'.

मी म्हटलं, एसी बंद होता ते लिहा, घाट नव्हता ते लिहा. नाही म्हणाला. मग मी खाली माझ्या हातानं लिहिलं, 'एसी बंद, सपाट रस्ता, वेग ६०-७०, चालक शोरूमचा', आणि सही करून त्याच्या टेबलावरच फोटो काढला. आता माझं प्रकरण संपलं का? गाडीत दोषच नाही म्हणतायत.

उद्यमबाग_मेस्त्री

गाडी ठणठणीत आहे हो. एसी बंद करून सपाटीला १७.८ देणारी ऑटोमॅटिक तवंदी-वंटमुरीत एसीवर १४ देणार, यात इंजिनाचा काही गुन्हा नाही. कॅलिपर-बिलिपर विसरा.

अथणी_एक्सप्रेस

म्हणजे गाडी खरी आणि सेल्समन खोटा. मग गाडी परत कशी मागणार?

टायपिंगवाले_काका

मागायचीच नाही, अथणीकर. निपाणीकर, प्रकरण संपलं नाही, उलट मळभ गेलं. फक्त गाडी बदलायला हवी. तुमची नव्हे, तक्रारीची.

बघा. दोन वेगवेगळ्या तक्रारी असतात. एक, वस्तूत दोष आहे. ती सिद्ध करायला कलम ३८ खाली प्रयोगशाळेचा किंवा तज्ज्ञाचा अहवाल लागतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतात, आणि अहवाल 'दोष नाही' असा आला की तुम्ही आडवे. मेस्त्री म्हणतायत दोष नाही, शोरूम म्हणतंय दोष नाही. मग तिथं जायचंच कशाला? त्या वाटेनं गेला असता तर त्यांचंच जॉबकार्ड तुमच्यावर उलटलं असतं.

दुसरी, वस्तू चांगली आहे पण खोटं सांगून विकली. कायद्यात त्याला अनुचित व्यापार प्रथा म्हणतात. इथं त्यांचं १७.८ तुमच्या बाजूनं साक्ष देतं. त्यांचा माणूस, त्यांनी निवडलेला रस्ता, एसी बंद, वेग बैलगाडीच्या वर नाही, तरी २० आले नाहीत. आणि ज्याला सपाटीला घाम गाळून १७.८ मिळतात, त्यानं घाटात एसीवर १७ च्या खाली येणारच नाही असं कुठल्या हिशेबानं लिहून दिलं? हा एक प्रश्न नोटिशीत जसाच्या तसा घाला.

मागणी लहान आणि मोजलेली ठेवा. २०.१ आणि १३.९ मधला फरक मागू नका, १७ आणि १३.९ मधला मागा. हजार किलोमीटरला १७ नं ५९ लिटर लागलं असतं, १३.९ नं ७२ लागतंय. म्हणजे १३ लिटर जास्त. ते आजवरच्या ओडोमीटरवर लावा, पेट्रोलच्या बिलांचे फोटो जोडा. पुढं गाडी किती वर्षं ठेवणार त्याचाही माफक हिशेब द्या. त्यावर त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

तुम्ही मला खासगीत पाठवलेल्या मसुद्यात 'मानसिक त्रासापोटी दहा लाख' आहे, ते खोडा. अकरा लाखांच्या गाडीला दहा लाखांचा मानसिक त्रास म्हटलं की समोर बसलेले चष्म्यावरून बघतात. पण जे हवं ते पहिल्याच तक्रारीत स्पष्ट मागा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात जनरल मोटर्सचं एक प्रकरण झालं. तिथंही गाडी एक सांगून दुसरीच विकल्याची तक्रार होती. राष्ट्रीय आयोगानं आपणहून पंचवीस लाखांची दंडात्मक भरपाई लावली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकली. कारण तक्रारदारानं ती मागितलेलीच नव्हती, आणि कंपनीला त्यावर बोलायची संधीच मिळाली नव्हती.

नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत द्या. कायद्यानं नोटीस सक्तीची नाही, पण उत्तरात ते काय बोलतात त्यावर पुढची तक्रार नीट बांधता येते. पाठवायची स्पीड पोस्टानं, पोचपावती मागून, दोन्ही पत्त्यांवर. कुरिअर नको. मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन तक्रार. आयोगाची नोटीस पोचल्यावर त्यांना उत्तराला ३० दिवस, वर जास्तीत जास्त १५. त्यापुढं आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंच तसं सांगितलंय. कागदावर निकाल तीन महिन्यांत, प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढं आप्पांना आधीच सांगून ठेवा.

निपाणी_केए२३

नोटीस गेली. पोचपावती यायच्या आधीच मॅनेजरचा फोन. 'सर, एवढं कशाला, एक्स्टेंडेड वॉरंटी फुकट देतो, दोन सर्व्हिस फ्री, तुम्ही या, चहा घेऊ, एक सही करा.' आप्पा म्हणतायत घेऊन टाक. काय करू?

अथणी_एक्सप्रेस

चहा घ्या, सही करू नका 😄

टायपिंगवाले_काका

घ्यायला हरकत नाही, निर्णय आप्पांचा. पण आधी सगळं ईमेलवर मागवा. वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, फ्री सर्व्हिसमध्ये नुसती मजुरी की ऑइल-फिल्टरसकट, हे शब्दांत आलं पाहिजे. आणि ज्या कागदावर सही मागतायत त्यात 'फुल अँड फायनल सेटलमेंट' हे शब्द आहेत का ते बघा. असतील तर पेट्रोलच्या फरकाची रक्कमही त्याच कागदावर यायला हवी. ती मिळेपर्यंत आप्पांनी पेन उचलायचं नाही. कागद आला की फोटो पाठवा, मी घरीच आहे.